ऑफिस सुटल्यावर स्नोक्वाल्मी: वसंतातल्या संध्याकाळी लिफ्टशिवाय डोंगर

प्रश्न आहे अमेरिकेत, सिएटलजवळच्या बेलव्ह्यूतल्या चार मित्रांचा. दोघं स्कीवाले, दोघं स्नोबोर्डवाले. रिसॉर्टच्या अवघड उतारांवर आता बऱ्यापैकी हात बसलेला. मार्चमध्ये घड्याळं तासभर पुढे गेली की संध्याकाळी उजेड रेंगाळतो. तेव्हा ऑफिस सुटल्यावर गाडी काढून स्नोक्वाल्मी खिंडीत जावं, लिफ्टशिवाय स्वतःच्या पायांनी डोंगर चढावा आणि घसरत खाली यावं, हे जमेल का? जायचं कुठे? आणि बोर्डवाल्यांनी स्प्लिटबोर्ड, म्हणजे चढण्यासाठी दोन भागांत सुटणारा स्नोबोर्ड, विकत घ्यावा का, की स्कीच शिकावं?

जमतं. सिएटलच्या आसपासचे पुष्कळ लोक एप्रिल-मेमध्ये हेच करतात, मीही बरीच वर्षं करतोय. फक्त शनिवारी दिवसभर हिंडायचे आडाखे इथे चालत नाहीत. संध्याकाळी कुठला माथा गाठायचा हे नंतर बघायचं. आधी खाली कितीला निघायचं ते ठरवायचं. आणि ती वेळ नुसत्या सूर्यास्तावरून ठरत नाही, बर्फ पुन्हा गोठायला कधी लागणार यावरून ठरते.

वसंतात बर्फाचा वरचा थर दिवसा वितळतो आणि रात्री गोठतो. हे चक्र काही दिवस चाललं की जुने कण एकमेकांना चिकटून मोठे गोल दाणे होतात. ते जरासे ओले असताना भिजवलेल्या साबुदाण्यासारखे मोकळे असतात आणि त्यावरून स्की अशी सरकते की नवशिकाही उस्ताद वाटावा. यालाच इथे कॉर्न म्हणतात. खरं सांगायचं तर त्याची उत्तम वेळ सकाळची: रात्री कडक गोठलेला थर उन्हाने वरून इंच-दीड इंच सुटतो तेव्हाची. दुपारी तोच बर्फ खोल भिजून लगदा होतो. म्हणजे तुम्ही पाच वाजता पोचता तेव्हा समोर लगदा असतो, आणि सूर्य गेला की त्याच लगद्यावर टणक कवच धरायला लागतं. संध्याकाळची मजा या दोहोंच्या मधली आहे. दिवसभराचा चिखल जरा आवळला गेलाय, पण अजून टणक झालेला नाही, अशी तासाभराची संधी मिळते. ती चुकली की दिवसभर लोकांनी पाडलेल्या खाचा आणि गोळे जसेच्या तसे थिजतात, आणि अंधारात त्यावरून उतरताना गुडघे आणि दात दोन्ही खडखडतात.

ही संधी कधी येईल याचा अंदाज बांधता येतो. बर्फाचा पृष्ठभाग सतत आकाशाकडे उष्णता सोडत असतो. आभाळ निरभ्र आणि हवा कोरडी असेल तर हवेचं तापमान शून्याच्या तीन-चार अंश वर असतानाही बर्फ वरून गोठतो, आणि सावली पडल्यावर अर्ध्या-पाऊण तासात फरक पायाखाली कळतो. ढग असतील तर ते ही उष्णता परत खाली पाठवतात आणि रात्रभर थंडी वाटूनही बर्फ ओलाच राहतो. स्नोक्वाल्मीची खिंड जेमतेम ३,०२२ फुटांवर आहे, समुद्राकडचे ढग तिथे कधीही शिरतात, त्यामुळे हा दुसरा प्रकार तुम्हाला वारंवार भेटेल. नॉर्थवेस्ट अ‍ॅव्हलांच सेंटरची स्वयंचलित हवामान केंद्रं खिंडीलगतच्या अल्पेंटल या स्की-डोंगराच्या पायथ्याला, मध्यावर आणि माथ्यावर आहेत. त्यांचे तासातासाचे आकडे उघडे असतात. दुपारच्या चहाच्या वेळी दोन गोष्टी बघा: आदल्या रात्री तापमान शून्याखाली गेलं होतं का, आणि आज दुपारी किती चढलं. सलग दोन-तीन रात्री गोठण नसेल तर मोठ्या उतारांचा विचार सोडा, मग आज आभाळ कितीही निळं असो.

त्याच केंद्राचा हिमस्खलनाचा अंदाज संध्याकाळी सहाला निघतो आणि तो दुसऱ्या दिवसासाठी असतो. म्हणजे तुम्ही साडेपाचला चढायला लागता तेव्हा हातातला अंदाज जवळजवळ चोवीस तास जुना असतो. शिवाय साधारण एप्रिलच्या मध्यानंतर रोजचे अंदाज थांबतात. तुमचा मोसम सुरू होतो तेव्हाच सल्ला देणारं माणूस रजेवर जातं, असं समजा. त्यापुढे स्वतःचे डोळे.

डोळ्यांनी काय बघायचं? उतारावरून आपोआप घरंगळणारे बर्फाचे गोळे, खडकांखालून आणि झाडांखालून सुटलेल्या पंख्याच्या आकाराच्या ओल्या धारा, डोंगराच्या धारेवर लोंबणारे बर्फाचे छज्जे. स्की काढून पाय टाकून बघा. बूट घोट्याच्या वर रुतला आणि खाली घट्ट काही लागलंच नाही, तर तो उतार आज आपला नाही. वरचं कवच गोठलं म्हणून निर्धास्त होऊ नका. दोन बोटांचं कवच आणि खाली फूटभर लगदा ही वसंतातल्या संध्याकाळची नेहमीची रचना आहे, आणि ते कवच तुमचं वजन पेलेलच असं नाही. ओला बर्फ रात्री कोसळत नाही हा समजही सोडा. अमेरिकेतलं सर्वांत प्राणघातक हिमस्खलन याच कॅस्केड डोंगररांगेत, स्टीव्हन्स खिंडीजवळच्या वेलिंग्टनला झालं: १ मार्च १९१० रोजी मध्यरात्रीनंतर एक-दीडच्या सुमारास, हिमवादळामागून आलेल्या पावसात. रुळांवर अडकून पडलेल्या दोन गाड्या दरीत गेल्या आणि ९६ माणसं दगावली. गुळगुळीत खडकावरचा अख्खा बर्फ तळापासून सरकतो ते स्खलन तर घड्याळ अजिबातच पाळत नाही.

म्हणून जागा निवडताना मी एकच नियम ठेवतो, आणि त्यात अपवाद करत नाही: संध्याकाळी ३० अंशांपेक्षा कमी उतार. स्वतः चढतोय तोही, आणि डोक्यावर आहे तोही. बहुतेक हिमस्खलनं ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात. उताराच्या चढत्या कोनाप्रमाणे रंग दाखवणारे नकाशे फोनवर मिळतात, ते घरी बसून नीट वाचा. नवख्यांची गफलत ‘डोक्यावर’ या शब्दात होते. अल्पेंटलच्या वाहनतळावरून सोर्स लेककडे जाणारी वाट बघा. चालायला सोपी, जवळजवळ सपाट, शनिवारी तिथे ही गर्दी. पण ती वाट ज्या दरीतून जाते तिच्या दोन्ही अंगांना उभे कडे आणि घळी आहेत, आणि वरून सुटलेला बर्फ त्या सपाटीवरच येऊन थांबतो. त्यात स्नोक्वाल्मी पर्वताचं पश्चिमेकडचं अंग मावळतीपर्यंत ऊन खातं. तुम्ही सावलीत थंडगार चालत असता आणि डोक्यावर दोन हजार फुटांवर बर्फ अजून वितळत असतो. उबदार संध्याकाळी मी तिकडे फिरकत नाही.

मग कुठे? पहिल्या काही वेळा रिसॉर्टच्याच उतारांवर. ‘समिट’ रिसॉर्टचे पश्चिम, मध्य आणि पूर्व असे तीन भाग हायवेच्या दक्षिणेला आहेत, तोंड साधारण उत्तरेकडे, चढ साडेसातशे ते अकराशे फुटांचा. यंत्राने दाबलेला बर्फ उशिरापर्यंत टिकतो. आणखी एक फायदा: मार्चमधल्या विषुवदिनानंतर सूर्य नेमका पश्चिमेला न मावळता उत्तरेकडे सरकत जातो, त्यामुळे एप्रिलअखेर या सौम्य उत्तर उतारांवरही शेवटचं तिरपं ऊन येतं. तिथे लावलेले चढण्याचे नियम मात्र वाचून जा, कुठल्या वाटेने आणि कुठल्या वेळेत परवानगी आहे ते बदलत असतं. ही औपचारिकता नाही. लिफ्ट बंद झाल्यावर उतार सारखे करणारी यंत्रं बाहेर पडतात, आणि उभ्या भागात ती वर खुंटवलेल्या पोलादी दोराला बांधून चालवतात. तो दोर शेकडो मीटर लांब असतो, कधी बर्फात पुरलेला, आणि क्षणात ताणून कमरेच्या उंचीवर येतो. अंधारात तो दिसत नाही. यंत्राचा पिवळा दिवा लुकलुकताना दिसला तर त्या उतारावर पाय टाकायचा नाही, मग बर्फ कितीही मोहात पाडो.

हात बसला की केंडल शिखराच्या दक्षिणेकडचा भाग. जुन्या लाकूडतोडीच्या रस्त्यांनी आणि मोकळ्या रानातून वाट चढते, जंगल विरळ, उतार बेताचा. माथ्यापर्यंत जायचा अट्टहास नको. जिथे घड्याळ म्हणेल तिथून परत. एप्रिलअखेर ओढ्यांवरचे बर्फाचे पूल पातळ होतात आणि झाडांच्या बुंध्याभोवती खड्डे पडतात, त्यामुळे ज्या वाटेने चढलात तिच्याच आसपास उतरा. चढताना बघितलेली जमीन अंधारात ओळखीची वाटते.

आता वेळेचा हिशेब. सिएटलला सूर्यास्त मार्चअखेर साडेसातच्या थोडा पुढे, एप्रिलच्या २० तारखेच्या सुमारास आठला, मेच्या मध्यावर साडेआठनंतर. बेलव्ह्यूहून खिंड पाऊण तास ते तास. शुक्रवारी खिंडीतून जाणाऱ्या आय-९० हायवेवर निम्मं शहर पूर्वेला निघालेलं असतं, म्हणून मंगळवार-बुधवार बरे. सव्वाचारला ऑफिस सोडलं तर साडेपाचला पायात स्की. नवख्या गटाला तासाला ८०० फूट चढ पुरे झाला. म्हणजे पावणेसात-सातला जिथे असाल तिथे थांबायचं, चढायच्या साजाची उतरायच्या साजाशी बदलाबदल करायची आणि सव्वासातला खाली. एप्रिलच्या २० तारखेची मावळती धरली तर पाऊण तास बाकी असताना. कुणी मीटिंगमध्ये अडकून उशिरा आलं तर सगळा तक्ता पुढे सरकवायचा नाही, चढ कमी करायचा. सहा वाजून गेले असतील तर वाहनतळावरच्या छोट्या उतारावर बीकन (गाडलेल्या माणसाचा माग लागावा म्हणून अंगावर बांधायचं संदेश देणारं यंत्र) शोधायचा सराव करा आणि घरी जा. तीही संध्याकाळ वाया जात नाही.

आपल्याकडच्या ट्रेकर मंडळींशी इथे नेहमी वाद होतो. शेवटची कसारा लोकल पकडून रात्रभर चालून सकाळी गडावर पोचलेली ही माणसं, अंधाराचं कौतुक यांना काय सांगणार! बरोबर आहे, अंधाराला मीही भीत नाही. पण सह्याद्रीतला कातळ रात्री बदलत नाही. इथली पायाखालची जमीन सातला एक असते आणि आठला दुसरी.

तरी दिव्याबद्दल दोन शब्द. प्रत्येकाचा हेडलॅम्प स्वतःचा, पूर्ण चार्ज केलेला, आणि बॅगेच्या तळाशी नाही तर वरच्या कप्प्यात. गॉगलला पारदर्शक किंवा पिवळी काच हवी. दिवसाचा काळा गॉगल साडेसातला निरुपयोगी. मावळतीनंतर वीस-पंचवीस मिनिटं सगळं सपाट, राखाडी दिसतं, खड्डा आणि उंचवटा यातला फरक कळत नाही. तेव्हा दिवा कपाळावरून काढून कमरेच्या उंचीवर हातात धरा. उजेड तिरपा पडल्याने सावल्या पडतात आणि जमिनीचा आकार दिसतो.

बीकन, प्रोब (बर्फात खुपसून गाडलेला माणूस शोधायची लांब काठी) आणि फावडं प्रत्येकाकडे, आणि ते वापरायचा सराव. गाडलेल्या माणसाला पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलं तर दहातले नऊ वाचतात, त्यानंतर आकडा झपाट्याने पडतो. बचावपथकं स्वयंसेवकांची आहेत, भली माणसं आहेत, पण रात्री त्यांना तुमच्यापर्यंत यायला तास लागतात. म्हणजे वाचवणारे तुम्ही चौघंच. फोन, स्मार्ट घड्याळ, गरम होणारे हातमोजे यांच्यामुळे बीकनचा संदेश बिघडतो. बीकन चालू असताना या वस्तू निदान २० सेंटिमीटर दूर, शोध घेताना ५० सेंटिमीटर. ऑफिसातून थेट येणाऱ्यांचा फोन नेमका छातीच्या खिशात असतो, बीकनच्या शेजारी, आणि ज्याची ऑन-कॉल पाळी आहे तो दर दहा मिनिटांनी तो काढून बघतो. आमच्या गटात ऑन-कॉलवाल्याने यायचंच नाही असं ठरलंय. वर अर्ध्यात लॅपटॉप उघडायची वेळ येणारा माणूस गटाला लवकर खालीही आणू शकत नाही आणि वरही नेऊ शकत नाही. आणि हे सगळं विकत घेण्याआधी तीन दिवसांचा हिमस्खलनाचा प्राथमिक कोर्स करा. इथे बहुतेक जण एआयएआरई या हिमस्खलन-प्रशिक्षण संस्थेचा पहिला टप्पा करतात. माझ्या मते पैसे एकाच गोष्टीला पुरत असतील तर ते कोर्सला घाला, हलक्या बाइंडिंगला (बूट स्कीला किंवा बोर्डला जोडणाऱ्या पकडीला) नको.

चढायला स्कीच्या तळाला चिकटवतात त्या केसाळ पट्ट्या, म्हणजे स्किन, संध्याकाळी हमखास दगा देतात, आणि कारण अगदी साधं आहे. उन्हातल्या ओल्या बर्फात त्या पाणी पितात. मग तुम्ही झाडांच्या सावलीत शिरता, तिथला बर्फ थंड, पाणी गोठतं आणि प्रत्येक पावलाला पायाखाली चार-पाच किलोचा गोळा धरतो. पाय आपटून तो निघत नाही. थांबा, स्की काढा, प्लास्टिकच्या खरवडणीने बर्फ काढा, केसांच्या दिशेने स्किनचं मेण घासा. त्याहून बरं, हे घरूनच घासून या. दुसरी फेरी मारायची असेल तर उतरताना स्किन जाकिटाच्या आत ठेवायच्या, बॅगेत नाही, नाहीतर गोंद गारठून धरत नाही. आणि बर्फ गोठायला लागल्यावर आडव्या वाटेवर चालायला बाइंडिंगला बसणारे दातेरी क्रॅम्पॉन लागतात. बोर्डवाल्यांना तर नक्कीच, कारण स्प्लिटबोर्डचा अर्धा भाग रुंद आणि लवचीक असतो, टणक उतारावर त्याची कड स्कीइतकी रुतत नाही.

यावरून बोर्डवाल्यांकडे वळतो. स्प्लिटबोर्ड म्हणजे उभा दोन भागांत सुटणारा स्नोबोर्ड: चढताना दोन रुंद स्की, उतरताना एक बोर्ड. माथ्यावरची बदलाबदल हाच त्याचा खरा खर्च. स्कीवाला स्किन ओढतो, टाच अडकवतो, तीन-चार मिनिटांत तयार. बोर्डवाल्याला दोन्ही भाग मोकळे करायचे, बाइंडिंग काढायच्या, भाग जुळवायचे, आकडे लावायचे, बाइंडिंग पुन्हा सरकवायच्या, काठ्या मिटून बॅगेला बांधायच्या. सवय झाल्यावर आठ मिनिटं, नसेल तर पंधरा. त्यात बाइंडिंग जिथे सरकते त्या खाचेत ओला बर्फ जाऊन थिजला की ती अडकते आणि माणूस उघड्या हातांनी, शिव्या देत, नखाने बर्फ उकरत बसतो. खिशात जुना टूथब्रश ठेवा. गंमत म्हणून नाही, आमच्यातल्या प्रत्येक बोर्डवाल्याकडे असतो. ही बदलाबदल घरी, दिवाणखान्यात, दिवे बंद करून चार-सहा वेळा करून बघा. आणि वर पोचल्यावर बोर्डवाल्यांनी आधी सुरुवात करायची, चहा नंतर. स्कीवाल्यांनी तोवर जाकीट घालून त्यांच्यावर उजेड धरायचा.

वाट निवडतानाही बोर्डवाल्यांचा विचार आधी. शेवटचा अर्धा मैल सपाट रस्त्याचा असेल तर लगद्यात बोर्ड थांबतो. स्कीवाले काठ्या मारत निघून जातात आणि बाकीचे दोघं मागे पाय ओढत राहतात. खिंडीजवळच्या गोल्ड क्रीक खोऱ्याकडच्या लांब सपाट तुकड्यात हेच होतं. चौघांनी मिळून जायचं तर बोर्ड गाडीपर्यंत सरकेल अशीच बाजू घ्या, नाहीतर गट अंधारात दोन ठिकाणी होतो, आणि गट फुटणं ही संध्याकाळची सगळ्यात मोठी अडचण आहे. एकमेकांच्या हाकेच्या अंतरात, एका वेळी एकाने उतरायचं, आणि मागच्याने पुढच्याला नजरेत ठेवायचं. चौघांपैकी कुणीही एकाने ‘आज नको’ म्हटलं की वाद न घालता परत फिरायचं, हे गाडीतच बोलून ठेवा. दोस्तीत हे अवघड जातं. वर उभं राहून कुणालाच रसभंग करायचा नसतो. घरी असलेल्या एकाला परतीची वेळ आणि कुठे जातोय ते कळवा. खिंडीत हायवेलगत फोन चालतो, दऱ्यांमध्ये भरवसा नाही, त्यामुळे उपग्रहावरून संदेश पाठवणारं एखादं उपकरण गटात असावं.

खायचं विसरू नका. जेवणाच्या वेळेला तुम्ही डोंगरावर असता, आणि दुपारच्या सॅलडवर हा चढ निघत नाही. दशम्या किंवा गूळपोळी थंडीत दगड होत नाहीत. एनर्जी बार होतात.

राहिला खरेदीचा प्रश्न. बोर्ड, बाइंडिंग, स्किन सगळं नवं घ्यायचं तर खर्च सहज दीड हजार डॉलरच्या पुढे जातो. आय-९० वरच्या नॉर्थ बेंडमध्ये तर काराकोरम ही स्प्लिटबोर्डच्या बाइंडिंग बनवणारी कंपनीच आहे, मोह जाता-येता होणार. तरी पहिले दोन-तीन वेळा भाड्याने घ्या. बोर्डवाल्यांनी स्की शिकावं का, असंही तुम्ही विचारलंय. नको. ज्यावर पाय स्थिर आहे तेच अंधाराच्या तोंडावर वापरावं. भाड्याचा स्प्लिटबोर्ड आवडला तर मेमध्ये दुकानं मोसमाचा माल स्वस्तात काढतात तेव्हा घ्या. क्रॅम्पॉन मात्र बाइंडिंगबरोबरच, त्याच कंपनीचे. नंतर शोधायला गेलात की नेमकं तुमचं माप संपलेलं असतं.